रूट कॅनालच्या चिठ्ठीवरील गोळ्या नेमके काय करतात?

रात्रभर दाढ ठणकल्यानंतर दंतवैद्याकडे जाऊन आलेल्या माणसाच्या हातातील चिठ्ठी बहुतेक ठिकाणी सारखीच असते: एक अँटिबायोटिक, एक दुखण्याची गोळी, जोडीला ॲसिडिटीची गोळी आणि गुळण्यांचे औषध. पुष्कळदा हीच चिठ्ठी दंतवैद्याची पायरी न चढताच औषधाच्या दुकानात तोंडी तयार होते. चार-पाच दिवसांत ठणका थांबतो, रूट कॅनालसाठी ठरलेली वेळ पुढे ढकलली जाते आणि काही महिन्यांनी तोच रुग्ण गाल सुजवून परत येतो.

दरवर्षी १८ ते २४ नोव्हेंबर या काळात अँटिबायोटिकांच्या गैरवापराविषयी जगभर जागृती सप्ताह पाळला जातो आणि नोव्हेंबर २०२५मध्ये केंद्र सरकारने या प्रश्नावरील दुसरा राष्ट्रीय कृती आराखडाही जाहीर केला. या चर्चेत रुग्णालये येतात, कोंबड्यांचे खाद्य येते, सर्दी-खोकला येतो; दातांची चिठ्ठी मात्र क्वचितच येते. वास्तविक अमेरिकेत रुग्णालयात दाखल नसलेल्या रुग्णांना लिहून दिल्या जाणाऱ्या अँटिबायोटिकांपैकी सुमारे १० टक्के दंतवैद्यांच्या लेखणीतून उतरतात. म्हणून या चिठ्ठीवरील प्रत्येक गोळीचे काम काय आणि तिच्या मर्यादा कोणत्या, हे रुग्णाला कळणे आवश्यक आहे. रुग्ण आधीपासून ज्या गोळ्या घेत असतो त्यांचा विचारही याच हिशेबात व्हायला हवा, आणि तो सहसा राहून जातो.

दाताच्या आत काय असते

दात बाहेरून दगडासारखा कठीण दिसत असला तरी त्याच्या मध्यभागी एक पोकळी असते आणि तेथून मुळांच्या टोकापर्यंत बारीक नळ्या गेलेल्या असतात. या पोकळीत आणि नळ्यांत असलेल्या मऊ ऊतीला दंतगर तथा पल्प म्हणतात. बोलण्यात आपण तिलाच दाताची ‘नस’ म्हणतो. तिच्यात मज्जातंतू असतात आणि रक्तवाहिन्याही असतात. हा सगळा रक्तपुरवठा मुख्यतः मुळाच्या टोकाशी असलेल्या अर्ध्या मिलिमीटरहूनही अरुंद छिद्रातून आत येतो.

कीड खोल गेली की जंतू आणि त्यांची विषद्रव्ये दंतगरापर्यंत पोहोचतात आणि तेथे दाह सुरू होतो. शरीराच्या इतर भागांत दाह झाला तर तो भाग सुजतो, फुगतो. दाताच्या आत मात्र फुगायला जागाच नसते. भिंती कठीण असल्यामुळे आतला दाब वाढतो, मज्जातंतू अतिसंवेदनशील होतात आणि थंड पाण्याच्या घोटाने किंवा नुसते आडवे झाल्यानेही असह्य कळ येते. दाह एका मर्यादेपलीकडे गेला की दंतगर पूर्ववत होत नाही, हळूहळू मरतो, आणि मग रिकाम्या झालेल्या नळीत जंतूंची वसाहत उभी राहते. ती वसाहत मुळाच्या टोकातून बाहेरच्या हाडाला सतत चिथावत राहते. त्यातून हाडाची झीज, पू आणि गळू होते.

या साखळीचे मूळ जंतूच आहेत हे १९६५मध्ये काकेहाशी, स्टॅन्ली आणि फिट्झगेराल्ड या संशोधकांनी उंदरांवरील एका देखण्या प्रयोगात दाखवले. पूर्णतः जंतुविरहित वातावरणात वाढवलेल्या आणि सामान्य वातावरणातील अशा दोन्ही उंदरांच्या दाढांना भोक पाडून दंतगर उघडा केला गेला. सामान्य उंदरांचा दंतगर मेला आणि मुळाशी गळू झाले; जंतुविरहित उंदरांत मात्र अन्नाचे कण आत अडकूनही दंतगर जगला आणि भोकावर नवा कठीण थर तयार झाला. रूट कॅनाल उपचाराचा सारा तर्क या निरीक्षणावर उभा आहे: नळीतील मृत ऊती आणि जंतू काढा, नळी धुवा आणि जंतू पुन्हा शिरणार नाहीत अशी ती भरून बंद करा.

रक्तातले औषध नळीत का पोहोचत नाही

गोळी गिळून किंवा इंजेक्शनने घेतलेले, रक्तात मिसळून अंगभर फिरणारे औषध म्हणजे सार्वदेहिक औषध. त्याचे सामर्थ्य रक्तात आहे आणि त्याची मर्यादाही रक्तातच आहे, कारण जेथे रक्त जाते तेथेच ते जाते. मेलेल्या दंतगरात रक्ताभिसरण उरलेले नसते.

गावात साथ आली की ग्रामपंचायत पाण्याच्या टाकीत टीसीएल पावडर टाकते आणि घरोघरचे पाणी शुद्ध होते. पण ज्या घराची नळजोडणीच तोडलेली आहे त्या घरात तुंबून राहिलेल्या मोरीला टाकीतल्या पावडरीचा काय उपयोग? टाकीत दुप्पट पावडर टाकली, पाच दिवसांऐवजी दहा दिवस टाकली, तरी ती मोरी जशीच्या तशीच राहणार. कोणीतरी दार उघडून आत जावे लागेल आणि ती उपसावी लागेल. मृत दंतगर असलेला दात म्हणजे ते तोडलेल्या जोडणीचे घर होय. योगायोगाची गोष्ट अशी की दंतवैद्य नळी धुण्यासाठी जे सोडियम हायपोक्लोराइट वापरतात ते टीसीएलच्याच कुळातले रसायन आहे. फरक एवढाच की ते रक्तावाटे न पाठवता थेट नळीत सोडले जाते, आणि म्हणूनच लागू पडते. दोन भेटींच्या मध्ये नळीत ठेवले जाणारे कॅल्शियम हायड्रॉक्साइडही असेच जागेवरचे औषध आहे.

ज्या दाताचा दंतगर अजून जिवंत आहे पण दाहाने ठणकतो आहे, त्यात तरी अँटिबायोटिक उपयोगी पडेल असे वाटणे स्वाभाविक आहे, कारण तेथे रक्त पोहोचते. परंतु त्या अवस्थेतील वेदना दाहाची आणि दाबाची असते, आणि अँटिबायोटिक जंतू मारते, दाह शमवत नाही. अमेरिकेत ४० रुग्णांवर झालेल्या एका चाचणीत अशा ठणकणाऱ्या दातांसाठी निम्म्यांना पेनिसिलिन आणि निम्म्यांना औषध नसलेली तशीच दिसणारी गोळी दिली गेली. दोन्ही गटांच्या वेदनेत आणि त्यांना लागलेल्या दुखण्याच्या गोळ्यांत लक्षणीय फरक आढळला नाही. ही चाचणी लहान आहे हे खरे, परंतु तिचा निष्कर्ष दाताच्या रचनेशी तंतोतंत जुळतो. रूट कॅनालतज्ज्ञांच्या युरोपीय एंडोडोंटिक संस्थेची २०१८ची भूमिका आणि अमेरिकन डेंटल असोसिएशनची २०१९ची मार्गदर्शक सूचना दोन्ही याच दिशेच्या आहेत: दातावर प्रत्यक्ष उपचार करणे शक्य असेल तर अशा दुखण्यासाठी अँटिबायोटिक देऊ नये.

‘पण माझे दुखणे तर गोळीनेच थांबले होते’

हा आक्षेप जवळजवळ प्रत्येक जण घेतो आणि अनुभव म्हणून तो खोटाही नसतो. दुखणे थांबलेले असते. प्रश्न ते कशाने थांबले हा आहे.

पहिली शक्यता अशी की अँटिबायोटिकसोबत घेतलेल्या दुखण्याच्या गोळीने आपले काम केले आणि श्रेय दुसऱ्याच गोळीला मिळाले. दुसरी शक्यता अधिक फसवी आहे. ठणकणारा दंतगर काही दिवसांत आपोआप मरतो. मज्जातंतूच मेले की कळ कळवणारे कोणी उरत नाही. हा काळ आणि पाच दिवसांच्या कोर्सचा काळ बरेचदा एकमेकांवर पडतो. रुग्णाला वाटते की दात बरा झाला; प्रत्यक्षात दात दुखण्याच्या पायरीवरून मुळाशी पू होण्याच्या पायरीवर गेलेला असतो. तिसरी शक्यता गळू स्वतःहून फुटण्याची: हिरडीवर एक बारीक पुळी येते, तिच्यातून पू वाहतो, दाब उतरतो आणि आराम पडतो. अशी वाहती पुळी असताना तर अँटिबायोटिकची गरज मुळीच नसते, कारण पुवाला वाट मिळालेली असते आणि त्याचा उगम नळीत असतो.

मुळाच्या टोकाबाहेर, जिवंत हाडात पसरलेल्या जंतूंपर्यंत मात्र औषध पोहोचते आणि त्यामुळे सूज काही काळ खरोखरच उतरू शकते. नळीतली वसाहत तशीच असल्यामुळे ती काही आठवड्यांत किंवा महिन्यांत परत येते.

‘आधी इन्फेक्शन उतरवू, मग भूल देऊ’

हे वाक्य आपल्याकडे दवाखान्यादवाखान्यांतून ऐकू येते आणि माझ्या मते चिठ्ठीवरील अनावश्यक अँटिबायोटिकांचा मोठा वाटा याच वाक्याच्या आधारावर उभा आहे. त्यामागची अडचण खरी आहे. तीव्र दाह असलेल्या दातावर, विशेषतः खालच्या दाढांवर, भूल नीट लागत नाही. ओठ बधिर होतो, पण दात कोरणारे टोक (बर) दंतगराजवळ गेले की रुग्ण खुर्चीतून उडतो. दाहग्रस्त ऊतीची आम्लता वाढलेली असते आणि मज्जातंतूंचा स्वभावच बदललेला असतो, त्यामुळे नेहमीचे इंजेक्शन अपुरे पडते.

पण जेथे अँटिबायोटिकने दाह उतरत नाही, तेथे पाच दिवस वाट पाहून भूल कशी लागणार? या अडचणीवर उपाय वेगळेच आहेत. नेहमीच्या इंजेक्शनला हाडात, दाताच्या भोवतालच्या तंतूंत किंवा थेट दंतगरात दिलेल्या पूरक इंजेक्शनची जोड देता येते. आर्टिकेनसारखे भुलीचे दुसरे औषध वापरता येते. आणि उपचाराच्या साधारण एक तास आधी आयबुप्रोफेनसारखी दाहशामक गोळी दिल्यास भूल लागण्याचे प्रमाण सुधारते असे अनेक अभ्यासांतून दिसते. सार्वदेहिक औषधाचा रूट कॅनालशी असलेला हा खरा उपयोगी संबंध आहे, पण तो दाहशामकाचा आहे, अँटिबायोटिकचा नाही.

असाच आणखी एक समज म्हणजे पहिल्या भेटीनंतर दुखू नये म्हणून आधीच अँटिबायोटिक द्यावे. तसे दिल्याने उपचारानंतरचा ठणका कमी होत नाही असेच चाचण्यांत आढळले आहे. त्या ठणक्यासाठी दाहशामक गोळी आणि निवडक रुग्णांत डेक्सामेथासोनसारख्या स्टिरॉइडची अल्प मात्रा उपयोगी ठरते. मधुमेही रुग्णाची साखर स्टिरॉइडने चढते, म्हणून ते सरसकट देण्याचे औषध नव्हे.

मग अँटिबायोटिक कधी हवे

जंतुसंसर्ग दाताची हद्द ओलांडून शरीरात पसरू लागल्याची चिन्हे दिसतात तेव्हा. ताप, अंग मोडून येणे, जबड्याखालील गाठी सुजून दुखणे, तोंड पुरेसे न उघडणे, गालावरची सूज तासागणिक पसरत जाणे ही ती चिन्हे होत. ज्यांची प्रतिकारशक्ती मुळातच कमी आहे, म्हणजे केमोथेरपी चालू असलेले, अवयव प्रत्यारोपण झालेले किंवा साखर अजिबात आटोक्यात नसलेले रुग्ण, त्यांच्यात तीव्र गळू झाल्यास हा उंबरठा आणखी खाली येतो. अपघातात मुळासकट निघालेला दात पुन्हा खोबणीत बसवला असेल तेव्हाही अँटिबायोटिक दिले जाते. मात्र या सर्व प्रसंगी ते दातावरील उपचाराच्या जोडीला असते, त्याच्याऐवजी नसते. पुवाला वाट करून देणे आणि नळी उघडणे हे काम त्याच दिवशी किंवा शक्य तितक्या लवकर व्हावेच लागते.

औषध कोणते, हा प्रश्नही महत्त्वाचा आहे. अमेरिकन सूचनेत प्रौढांसाठी पहिली पसंती साध्या अमॉक्सिसिलिनला आहे, ५०० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, ३ ते ७ दिवस. आपल्याकडे दातांसाठी सर्रास लिहिली जाणारी ऑफ्लॉक्सासिन आणि ऑर्निडाझोलची जोडगोळी वर उल्लेखिलेल्या दोन्ही संस्थांच्या शिफारशींत नाही. जागतिक आरोग्य संघटना अमॉक्सिसिलिनला सहज वापरायच्या गटात आणि ऑफ्लॉक्सासिनला जपून वापरायच्या गटात ठेवते. ऑफ्लॉक्सासिनच्या कुळातील औषधे क्षयरोगाच्या उपचारात लागतात आणि ती अर्धवट घेतल्याने दडलेल्या क्षयाचे निदान लांबू शकते, ही गोष्ट भारतात तरी विसरून चालणार नाही.

‘कोर्स पूर्ण करा’ या जुन्या उपदेशातही बदल झाला आहे. दाताच्या संसर्गात उगम काढून टाकला असेल तर लक्षणे गेल्यानंतर २४ तासांनी औषध थांबवावे, असे ती अमेरिकन सूचना सांगते. याचा अर्थ रुग्णाने परस्पर गोळ्या सोडाव्यात असा नाही. तिसऱ्या दिवशी दंतवैद्याला दाखवून किंवा फोन करून ठरवावे, असा आहे.

पेनिसिलिनची ॲलर्जी असल्याचे सांगणाऱ्या रुग्णाने नेमके काय झाले होते तेही सांगावे. गांधी उठून श्वास अडकणे वेगळे आणि गोळीने पोट बिघडणे वेगळे. दुसऱ्या प्रकाराला ॲलर्जी म्हणत नाहीत, पण तशी नोंद झाली की आयुष्यभर अधिक जड औषधे वाट्याला येतात.

दुखण्याची गोळी: उपयोगी, पण मोजून

दातदुखीवर अफूवर्गीय वेदनाशामकांपेक्षा आयबुप्रोफेनसारखी साधी दाहशामके आणि पॅरासिटामॉल यांचा मेळ अधिक चांगला लागू पडतो. अमेरिकेतील २०२४ची सूचना प्रौढांसाठी ४०० मिलिग्रॅम आयबुप्रोफेन, गरज पडल्यास ५०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉलसह, पहिला पर्याय म्हणून सुचवते. दोन्ही औषधे वेगवेगळ्या मार्गांनी काम करतात, म्हणून एकत्र घेतलेली चालतात.

गोंधळ होतो तो नावांमुळे. कॉम्बिफ्लाममध्ये ४०० मिलिग्रॅम आयबुप्रोफेनसोबत ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल आधीच असते. ती घेऊन दुखणे थांबले नाही म्हणून वर डोलो ६५० घेतली, तर एका वेळचे पॅरासिटामॉल ९७५ मिलिग्रॅम होते. निरोगी प्रौढाने दिवसभरात पॅरासिटामॉलची ४ ग्रॅमची मर्यादा ओलांडू नये, आणि यकृताचा आजार किंवा नियमित मद्यपान असेल तर ती त्याहूनही खाली येते. एसिक्लोफेनॅक, डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन आणि केटोरोलॅक ही सारी एकाच कुळातील दाहशामके आहेत. त्यांतील दोन एकत्र घेतल्याने आराम दुप्पट होत नाही, जठरातील रक्तस्रावाचा धोका मात्र वाढतो. पाण्यात विरघळवून घ्यायची केटोरोलॅकची गोळी दातदुखीवर आपल्याकडे फार लोकप्रिय आहे. ती झटपट लागू पडते हे खरे, पण पाच दिवसांपेक्षा जास्त घेऊ नये असे ते औषध आहे. निमेसुलाइड हे आणखी एक दाहशामक १२ वर्षांखालील मुलांना देण्यावर भारतात २०११पासून बंदी आहे.

सूज उतरवणारी म्हणून जोडून दिली जाणारी सेराशिओपेप्टिडेज आता तरी चिठ्ठीतून जायला हवी. हे औषध ज्या जपानमधून आले तेथील उत्पादक कंपनीने नव्या चाचणीत ते निष्प्रभ ठरल्यावर २०११मध्ये स्वतःहून बाजारातून काढून घेतले. आपल्या चिठ्ठ्यांवर ते अजून टिकून आहे.

पावसाळ्यासाठी एक सूचना आवश्यक आहे. दात दुखत असताना ताप आला आणि परिसरात डेंग्यू असेल, तर तो ताप दाताचाच आहे असे गृहीत धरू नये. डेंग्यूत रक्तबिंबिका (प्लेटलेट) घटतात आणि दाहशामकांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. रक्ततपासणी होईपर्यंत फक्त पॅरासिटामॉल घ्यावे.

आधीपासून चालू असलेली औषधे

दंतवैद्याने ‘काही गोळ्या चालू आहेत का?’ असे विचारल्यावर ‘तसे काही नाही, फक्त बीपीची’ हे उत्तर फार वेळा मिळते. त्या ‘फक्त’मध्ये बरेच काही दडलेले असते.

हृदयात स्टेंट बसवलेले, झडप बदललेले किंवा पक्षाघात होऊन गेलेले रुग्ण रक्त गोठू न देणारी औषधे घेतात: ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफेरिन, आपल्याकडे अधिक प्रचलित असलेले ॲसिनोकुमॅरॉल किंवा त्याहून नवी औषधे. दाताचे काम आहे म्हणून ही औषधे घरच्या घरी तीन-चार दिवस बंद करण्याची रीत धोकादायक आहे. रूट कॅनालमध्ये रक्त जवळजवळ जातच नाही. उलट औषध बंद केल्याने स्टेंटमध्ये किंवा मेंदूत गुठळी झाली तर जिवावर बेतते. वॉरफेरिन किंवा ॲसिनोकुमॅरॉल घेणाऱ्यांनी रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारी आयएनआर ही तपासणी अलीकडची असल्याची खात्री करावी, कारण खालच्या जबड्यात खोलवर इंजेक्शन द्यायचे असल्यास ती पाहावी लागते. अशा रुग्णांना खरा धोका अनेकदा चिठ्ठीतून येतो: मेट्रोनिडाझोल या अँटिबायोटिकमुळे या दोन औषधांचा परिणाम वाढतो आणि रक्त प्रमाणाबाहेर पातळ होते, तर दाहशामक गोळीने जठरातून रक्तस्राव होऊ शकतो. त्यांच्यासाठी पॅरासिटामॉल सुरक्षित, पण तेही सलग अनेक दिवस पूर्ण मात्रेत घेतल्यास आयएनआर चढू शकतो.

रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन किंवा रामिप्रिलसारखे औषध आणि लघवी वाढवणारे औषध अशी जोडी घेणाऱ्या वयस्क व्यक्तीने वर दाहशामक घेतले तर मूत्रपिंडांवर तिहेरी भार येतो. एक-दोन गोळ्यांनी सहसा बिघडत नाही. आठवडाभर सकाळ-संध्याकाळ घेतल्यावर, त्यातही उन्हाळ्यात पाणी कमी पडले असताना, बिघडू शकते. कोलेस्टेरॉलसाठी ॲटोरव्हास्टॅटिन चालू असताना क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक दिल्यास स्नायूंना इजा होण्याचा धोका वाढतो आणि मानसिक आजारासाठी लिथियम घेणाऱ्यांच्या रक्तातील लिथियम दाहशामकांनी चढते.

उपचारापूर्वी अँटिबायोटिकचा एकच मोठा डोस देण्याची गरज फार थोड्या हृदयरुग्णांना असते. ज्यांना कृत्रिम झडप आहे, ज्यांना पूर्वी हृदयाच्या अस्तराचा जंतुसंसर्ग होऊन गेला आहे किंवा ज्यांना काही विशिष्ट जन्मजात हृदयदोष आहेत, त्यांच्यासाठी अमेरिकन हार्ट असोसिएशन हिरडी किंवा मुळाच्या टोकाशी छेडछाड होणाऱ्या कामाच्या ३० ते ६० मिनिटे आधी २ ग्रॅम अमॉक्सिसिलिन सुचवते. स्टेंट, बायपास किंवा पेसमेकर असलेल्यांना त्याची आवश्यकता नाही. बदललेल्या गुडघ्यासाठीही सामान्यतः नाही. संधिवाताच्या तापाने झडप खराब झालेल्यांबाबत देशोदेशी मते वेगळी आहेत. अमेरिकेच्या यादीत ते नाहीत, तर न्यूझीलंडसारखा देश त्यांना धरतो. आपल्याकडे असे रुग्ण पुष्कळ असल्याने हा निर्णय हृदयरोगतज्ज्ञाला विचारूनच व्हावा. जे दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन घेतात त्यांनी ते आवर्जून सांगावे, कारण त्यांना त्याच कुळातील औषध न देता दुसरे निवडावे लागते.

मधुमेहींनी उपचाराच्या दिवशी नेहमीचे औषध आणि नेहमीचे जेवण दोन्ही घेऊन जावे. इन्सुलिन घेऊन उपाशीपोटी खुर्चीत बसल्यास आणि नंतर तोंड बधिर असल्यामुळे खाता न आल्यास साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. साखर आटोक्यात असेल तर केवळ मधुमेह आहे म्हणून अँटिबायोटिकची गरज नसते.

हाडे ठिसूळ झाल्याबद्दल वर्षातून एकदा झोलेड्रॉनिक ॲसिडचे किंवा सहा महिन्यांनी डेनोसुमॅबचे इंजेक्शन घेणाऱ्या व्यक्ती ते ‘औषधांत’ मोजतच नाहीत. या औषधांमुळे दात काढल्यानंतर जबड्याचे हाड न भरता उघडे पडण्याची, क्वचित उद्भवणारी पण चिवट, समस्या होऊ शकते. कर्करोगासाठी हीच औषधे मोठ्या मात्रेत घेणाऱ्यांत हा धोका अधिक असतो. अशा रुग्णाच्या दाताचे मूळ वाचवता येण्यासारखे असेल तर दात काढण्यापेक्षा रूट कॅनाल करणे हाच सुज्ञ पर्याय ठरतो, आणि तो दंतवैद्याने निवडावा यासाठी त्याला ते इंजेक्शन माहीत असावे लागते.

गरोदर स्त्रियांना दाताचे काम बाळंतपणानंतर करू असे सांगून महिनोन् महिने गोळ्यांवर ठेवणे योग्य नाही. रूट कॅनाल गरोदरपणात करता येते आणि मधले तीन महिने त्यासाठी सोयीचे असतात. वेदनेसाठी पॅरासिटामॉल आणि खरोखर गरज असल्यास अमॉक्सिसिलिन चालते, दाहशामके मात्र टाळावीत, विशेषतः २० आठवड्यांनंतर.

‘एक कोर्स जास्त झाला तर काय बिघडते?’

बिघाड दोन पातळ्यांवर होतो. त्या रुग्णापुरते पाहिले तर जुलाब, बुरशीचा संसर्ग, क्वचित तीव्र ॲलर्जी, आणि आतड्यांतील उपयुक्त जंतू मेल्यावर तेथे माजणाऱ्या घातक जंतूंमुळे होणारा गंभीर अतिसार. समाजाच्या पातळीवर पाहिले तर औषधाला दाद न देणारे जंतू निवडून निवडून जगतात. २०१९मध्ये अशा प्रतिरोधक जंतुसंसर्गांमुळे जगात सुमारे १२.७ लाख मृत्यू थेट झाल्याचा अंदाज आहे. औषधांच्या पाकिटावरील उभी लाल रेघ चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई असलेली औषधे ओळखण्यासाठी असते आणि तिच्याविषयीची मोहीम २०१६पासून चालू आहे. दातदुखीच्या गिऱ्हाइकापुढे मात्र काउंटरवर ती कोणी पाहत नाही.

‘रूट कॅनाल परवडत नाही, म्हणून गोळ्या’

हा आक्षेप सर्वांत प्रामाणिक आहे आणि त्याला वैद्यकीय उपदेशाने उत्तर देता येत नाही. रूट कॅनाल आणि त्यावरील टोपी मिळून खर्च अनेक कुटुंबांच्या आवाक्याबाहेर जातो. मात्र पर्याय गोळ्यांचा नाही. नुसता दंतगराचा वरचा भाग काढून औषध भरणे हे पहिल्याच भेटीत होणारे, कमी खर्चाचे काम बहुतेक रुग्णांचा ठणका थांबवते आणि पुढील उपचारासाठी उसंत देते. तेही शक्य नसेल तर दात काढणे हाही पूर्ण उपचार आहे. त्याने संसर्गाचा उगम नाहीसा होतो, जे कितीही गोळ्यांनी होत नाही. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालये, मुंबई महानगरपालिकेचे नायर दंत महाविद्यालय आणि गोव्यात बांबोळीचे दंत महाविद्यालय येथे ही कामे खासगी दवाखान्यापेक्षा पुष्कळ कमी खर्चात होतात. तेथे रांग लागते, फेऱ्याही जास्त होतात.

जेव्हा दवाखान्याची वाट पाहायची नसते

खालच्या दाढेचा संसर्ग जिभेखाली आणि हनुवटीखाली दोन्ही बाजूंना पसरला तर जीभ वर आणि मागे ढकलली जाते व श्वासमार्ग बंद होऊ शकतो. जर्मन वैद्य लुडविग यांनी १८३६मध्ये वर्णन केलेली ही अवस्था त्यांच्याच नावाने ओळखली जाते. जिभेखालचा भाग फळीसारखा कडक लागणे, थुंकी गिळता न येऊन लाळ गळणे, आवाज घोगरा होणे, आडवे पडल्यास श्वास कोंडणे, तोंड बोटभरही न उघडणे किंवा सूज डोळ्यापर्यंत चढणे, यांपैकी काहीही दिसल्यास नवी चिठ्ठी मागत बसू नये. अशा रुग्णाला शिरेतून अँटिबायोटिक, पुवाचा निचरा आणि गरज पडल्यास श्वासनलिकेत नळी घालणे हे सारे एकाच वेळी लागते, म्हणून त्याला ज्या रुग्णालयात तोंड व जबड्याचे शल्यचिकित्सक आणि भूलतज्ज्ञ दोघेही रात्रीही उपलब्ध असतात तेथे, बसलेल्या स्थितीतच, तातडीने न्यावे.